दोन टीबी मोकळे, तरी जागा नाही

जुन्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवणाऱ्या डिस्कच्या पेटीवर, फर्मवेअरचं (तिच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट लावावं, टक्केवारी रडतखडत चाळिशीपर्यंत यावी आणि पडद्यावर लाल पट्टी उमटावी: ‘पुरेशी जागा नाही.’ शेजारच्याच खिडकीत व्हॉल्यूमचा निळा गोल दिमाखात सांगत असतो, दोन टीबी मोकळे. अपडेटची फाइल जेमतेम ३०० एमबीची. माणूस आधी तेच बटण पुन्हा दाबतो, मग ब्राउझर बदलतो, मग चार जुने व्हिडिओ पुसून टाकतो. दोन टीबींचे सव्वादोन होतात आणि लाल पट्टी जिथल्या तिथे. त्यात बहुधा रात्रीचा बॅकअपही अडू लागलेला असतो. खुपतं ते हे, की यंत्र तोंडावर खोटं बोलतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही वाक्यं खरी असतात, फक्त दोन वेगळ्या जागांबद्दलची असतात.

आपल्याला दिसतो तो डेटाचा व्हॉल्यूम. त्याच्याआधी, डिस्कच्या सुरुवातीलाच, एक लहानसं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा तोडलेला तुकडा, सिस्टीमसाठी राखून ठेवलेलं असतं. सिनॉलॉजी या कंपनीच्या जुन्या पेट्यांत ते साधारण २.४ जीबीचं असतं आणि सगळ्या डिस्कवर त्याची हुबेहूब प्रत असते. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीची विभागणी वेगळी, तिथे फर्मवेअरचा गाभा बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये बसतो. पण सिस्टीमला दिलेली जागा तुटपुंजी, ही गोष्ट तिथेही तीच. अपडेट उलगडायचं ते या तुटपुंज्या जागेत. आठ-दहा वर्षांत तिथे काय काय साठतं ते बघण्यासारखं आहे: लॉग, एखादी सेवा कोलमडल्यावर पडलेल्या कोअर फाइली, काढून टाकलेल्या पॅकेजांचे अवशेष, मागच्या अर्धवट अपडेटचं सामान. एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) आत शिरून ‘डीएफ’ ही मोकळी जागा दाखवणारी कमांड चालवली की मोठ्या व्हॉल्यूमची ओळ सोडून द्यायची आणि रूटची, म्हणजे सिस्टीम पार्टिशनची, ओळ वाचायची. ती ९५ टक्क्यांच्या वर असेल तर दुसरीकडे शोधत बसण्यात अर्थ नाही. टक्केवारी ठीक दिसत असूनही तक्रार येत असेल, तर तीच कमांड आयनोडसाठी, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठी, चालवून पाहावी. लाखो बारीक फाइलींनी जागा नाही, पण नोंदी संपवलेल्या असतात.

यातला सगळ्यात खोडसाळ प्रकार जरा जवळून पाहू. नॅसला यूएसबी डिस्क जोडलेली आहे आणि रोज रात्री एक स्क्रिप्ट आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या साधनाने तिच्यावर प्रत काढते. एके दिवशी डिस्क नीट ‘इजेक्ट’ न करता उपसली जाते, किंवा तिची केबल सैल होते. पुन्हा जोडल्यावर सिस्टीम तिला वेगळं नाव देते, ‘यूएसबीशेअर१’ची ‘यूएसबीशेअर२’ होते. स्क्रिप्टला याचा पत्ता नाही. ती जुन्या पत्त्यावर जाते, तिथे फोल्डर सापडत नाही, मग स्वतःच तयार करते आणि लिहायला लागते. हे फोल्डर आता यूएसबी डिस्कवर नसून त्या २.४ जीबीच्या सिस्टीम पार्टिशनवर आहे. काही मिनिटांत ते काठोकाठ भरतं. यानंतर जे होतं त्याचा यूएसबीशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही: लॉगिनचं पान पासवर्ड घेऊन पुन्हा तिथेच येतं, कारण सेशनची फाइल लिहायला जागा नाही, इशाऱ्याची ई-मेल येणं बंद होतं, कारण तीही आधी कुठेतरी लिहावी लागते, आणि अपडेट चाळीस टक्क्यांवर मान टाकतं. त्यात भर म्हणजे डिस्क नंतर जुन्या नावाने परत जोडली गेली, तर ती त्याच फोल्डरवर माउंट होते आणि खालचा कचरा झाकून टाकते. फोल्डरची जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ कमांडने कितीही मोजलं तरी तो दिसत नाही. म्हणून आधी यूएसबी डिस्क रीतसर काढायची, प्रत्यक्ष हातात घ्यायची, मग त्या पत्त्यावर अजून फाइली दिसतात का ते पाहायचं. दिसल्या तर पुसण्याआधी एकदा खात्री करावी. कधी कधी गेल्या काही आठवड्यांची एकमेव प्रत तीच असते.

म्हणजे बॅकअपनेच अपडेटचा गळा धरलेला असतो.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. यूएसबी डिस्कच्या मुळाशी एक रिकामी खुणेची फाइल ठेवायची आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ती आहे का ते तपासायचं. नसेल तर एक अक्षरही न लिहिता बाहेर पडायचं. असल्या दोन ओळी तयार बॅकअप ॲपमध्ये नसतात आणि घरगुती स्क्रिप्टमध्ये कुणी लिहीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

जागेचं निस्तरलं की पुढचा संशयित घड्याळ. बोर्डावर सीआर २०३२ ची नाण्याएवढी बॅटरी असते. ती दहा वर्षांनी दम तोडते, आणि वीज गेली की पेटी थेट १९७० मध्ये नाहीतर २००० मध्ये जागी होते. सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, तारखेवर तपासलं जातं, त्यामुळे १९७० मधल्या पेटीला आजचं प्रत्येक सर्टिफिकेट ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं आणि संदेश येतो, ‘अपडेट सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.’ लोक राउटर बदलतात, डीएनएस बदलतात. बदलायची असते नाण्याएवढी बॅटरी. बॅकअपवरही हेच सावट पडतं: वेळापत्रकातलं काम भलत्या वेळी सुटतं, नव्या आवृत्तीवर १९७० ची तारीख बसते, आणि ‘सर्वात जुन्या आवृत्त्या काढा’ हा नियम ताजी प्रतच आधी उडवू शकतो. घड्याळ बरोबर असूनही संपर्क होत नसेल तर दोष बहुधा पेटीच्या वयाचा. सर्व्हरशी कूटबद्ध बोलण्याच्या टीएलएस पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली, तेव्हा जुनं ओपनएसएसएल (सर्टिफिकेट तपासणारं सॉफ्टवेअर) असलेल्या कितीतरी उपकरणांना लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटं ओळखू येईनाशी झाली. अशा पेटीला नवं फर्मवेअर हवं असतं ते सर्व्हरशी बोलता यावं म्हणून, आणि ते मिळवायचं तर सर्व्हरशी बोलता यायला हवं. हा तिढा सोडवायला संगणकावर फाइल उतरवून हाताने चढवायची, दुसरा मार्ग नाही.

आता डिस्ककडे. अपडेटच्या शेवटी पेटी पुन्हा चालू होते, आणि वर्षानुवर्षं न थांबता फिरलेल्या डिस्कसाठी ते थांबून पुन्हा सुरू होणं हीच खरी परीक्षा असते. वर्षाचे तास ८,७६०. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ यादी ठेवते, तिच्यातल्या ९ क्रमांकापुढे, म्हणजे चालू तासांपुढे, ५०,००० दिसत असतील तर ती डिस्क साडेपाच वर्षांहून जास्त फिरली आहे. यादीत बघायचे आकडे मोजके: ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकाल लांबलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्तीपलीकडचे. १९९ वाढत असेल तर डिस्कला लगेच दोष देऊ नये. तो आकडा बहुधा केबलच्या किंवा मागच्या कनेक्टरच्या संपर्काचा असतो, ट्रे ओढून पुन्हा घट्ट बसवल्यावर अनेकदा वाढ थांबते. १९७ मात्र शून्यावरून आठवर गेला, की बॅकअप दर रात्री नेमका त्याच फाइलपाशी का अडतो याचं उत्तर मिळतं. नॅससाठी बनवलेली डिस्क असा सेक्टर सुमारे सात सेकंद वाचायचा प्रयत्न करून हार मानते आणि रेडला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या यंत्रणेला, तसं कळवते. संगणकासाठीची साधी डिस्क मिनिटभर किंवा जास्तही झगडत बसते, तोवर रेडने तिला मेलेली समजून बाहेर काढलेलं असतं. हे कानालाही कळतं. निरोगी डिस्कची घरघर एकसुरी असते. अडलेल्या डिस्कमधून टक्-टक् येते, मग क्षणभर शांतता, मग त्याच लयीत पुन्हा टक्-टक्. हाताने ट्रेला स्पर्श केला तर तो झटका बोटाला जाणवतो. हा आवाज ओळखीचा झाला की मग त्याची भीती वाटण्यापेक्षा त्या यंत्राची थोडी कीवच येते.

इथे मी एका रूढ सल्ल्याशी भांडेन. ‘आधी विस्तारित स्मार्ट चाचणी लावा’ असं सगळे सांगतात. चार टीबीच्या डिस्कला ती साधारण आठ तास घेते आणि तेवढा वेळ डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते. ज्या डिस्कची शंका आहे आणि जिची दुसरी प्रत नाही, तिच्याकडून हे आठ तास चाचणीत का खर्च करायचे? वाचायचंच आहे तर फाइली उचलण्यासाठी वाचावं. चाचणी नंतर.

पण प्रतच निघत नाही, हीच तर तक्रार असते. तेव्हा आरसिंक शेवटी जो आकडा टाकतो तो वाचावा, नुसतं ‘अयशस्वी’ वाचून थांबू नये. २४ म्हणजे काम चालू असताना काही फाइली नाहीशा झाल्या. हे चालत्या मेलबॉक्सवर किंवा डेटाबेसवर नेहमीचंच, यात घाबरण्यासारखं नाही. २३ म्हणजे काही फाइली गेल्या, काही राहिल्या. परवानग्या किंवा नावं तपासायची. ११ म्हणजे लिहिण्या-वाचण्यातच चूक, बहुतेक वेळा पलीकडची डिस्क भरलेली किंवा अलीकडची आजारी. १२ म्हणजे दोन टोकांमधला धागा तुटला. २५६ किंवा ५१२ एमबी रॅमच्या पेटीत १२ दिसला की आधी कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) लॉग उघडावा. मेमरी संपली म्हणून कर्नलनेच आरसिंकला मारल्याची नोंद तिथे सापडू शकते. २००८ पासूनची आरसिंक ३ मालिका फाइलींची यादी तुकड्या-तुकड्यांनी बांधते, त्यामुळे ती कमी मेमरीत भागवते. पण ‘आधी पुसा’ किंवा ‘शेवटी पुसा’ असे पर्याय लावले की तिला पूर्ण यादी एकदम मेमरीत घ्यावी लागते. तो पर्याय बदलून ‘चालता चालता पुसा’ केला आणि एकच मोठं काम फोल्डरनिहाय चार कामांत तोडलं, की तीच पेटी तेच काम निमूट पार पाडते.

नावांचा घोळ मराठी माणसाला जास्त छळतो. लिनक्सच्या फाइल प्रणालीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि जुन्या सिनॉलॉजीवरच्या कूटबद्ध फोल्डरमध्ये ती १४३ वर येते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. ‘जुने हिशेब’ एवढ्या चिमुकल्या नावाला २८ बाइट लागतात. म्हणजे १४३ मध्ये जेमतेम ४७ चिन्हं, दहा-बारा शब्दांचं सविस्तर नाव ठेवायची सवय असेल तर ती फाइल कूटबद्ध प्रतीत कधीच पोचत नाही आणि अहवालात एक ओळ तेवढी उमटते. यूएसबी डिस्क फॅट३२ असेल तर आणखी एक भिंत: चार जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावतच नाही, मग डिस्क रिकामी का असेना.

विंडोजच्या बाजूने बॅकअप बंद पडला असेल तर कधीपासून, ते विचारावं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने एसएमबी१ या विंडोजच्या जुन्या फाइल-वाटप पद्धतीतल्या भोकातून धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ मुळात बसवलंच जात नाही. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती डिजिटल सहीशिवायची जोडणी आणि पाहुण्या खात्याने केलेला प्रवेशही सहसा नाकारते. नॅस तसाच, केबल तशीच, पासवर्ड तोच, आणि एका सकाळी ‘नेटवर्क पथ सापडला नाही’. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी२ किंवा ३ चा पर्याय असेल तर तो चालू करावा आणि पाहुण्याऐवजी नाव-पासवर्डाचं खातं उघडावं. नसेल तर एसएफटीपीने (एसएसएचवरूनच फाइली उतरवण्याच्या पद्धतीने) फाइली ओढाव्यात. विंडोजमध्ये एसएमबी१ पुन्हा बसवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आगीतून फुफाट्यात नेणारा आहे.

तर कोडं असं की बॅकअपशिवाय अपडेट करू नये आणि अपडेटशिवाय बॅकअप होईना. यातून सुटायचं तर नॅसच्या बॅकअप ॲपला बाजूला सारायचं. आवृत्त्या, कूटबद्धता, संक्षेप हे सगळं विसरून दुसऱ्या संगणकाने नॅसमधल्या फाइली जशाच्या तशा ओढून घ्यायच्या, आधी ज्या पुन्हा मिळणारच नाहीत त्या, मग बाकीच्या. गिगाबिट केबलवर जुनी पेटी सेकंदाला ४० ते ६० एमबी देत असेल तर एक टीबीला पाच ते सात तास लागतात. वायफायच्या भरवशावर हे करू नये. ओढून झाल्यावर दहा-वीस फाइली वेगवेगळ्या फोल्डरमधून उघडून पाहाव्यात, आणि सेटिंगची निर्यात फाइल नॅसबाहेर ठेवावी. मगच अपडेटला हात लावायचा.

अपडेटची फाइल नेमक्या मॉडेलची आणि हार्डवेअर आवृत्तीची हवी. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या मधेच चिप बदलतात. उतरवलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा, कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. अनेक पिढ्या मागे असलेल्या पेटीला थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधल्या पायऱ्या घ्याव्या लागतात. त्या प्रकाशन टिपणांत लिहिलेल्या असतात आणि तेच कुणी वाचत नाही. पॅकेजं थांबवायची, इंडेक्सिंग बंद करायचं, यूएसबी डिस्क काढायची, यूपीएस जोडायचा. अपडेटनंतर पहिला बूट रेंगाळतो. फाइल प्रणालीची तपासणी सुरू झाली तर मोठ्या व्हॉल्यूमवर ती तासन्‌तास चालते, आणि तेवढा वेळ पान उघडत नाही, दिवा लुकलुकत राहतो, बघणाऱ्याचा हात प्लगकडे जातो. माझ्या मते ‘अपडेटने पेटी मेली’ अशा कहाण्यांतला बराच भाग या हाताचा असतो. डिस्कचे दिवे हलत आहेत तोवर हात खिशात ठेवावा. रात्र गेली तरी चालेल.

आणि खरंच उठली नाही तर? पॉवर बंद करून ट्रेंवर मार्करने क्रमांक घालायचे, सगळ्या डिस्क बाहेर, पेटी रिकामी चालू करायची. रिकामी पेटी नेटवर्कवर दिसली तर बोर्ड शाबूत आहे, घोटाळा डिस्कवरच्या सिस्टीम पार्टिशनचा. तेव्हा सिस्टीम पुन्हा बसवायची, पण ‘डेटा राखून’ हा पर्याय दिसल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. रिकामी पेटीही उठत नसेल तर ॲडॅप्टर बदलून पाहावा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोन ॲम्पिअरच्या आसपास ओढते. जुन्या ॲडॅप्टरमधले कपॅसिटर सुकलेले असतील तर मल्टीमीटरवर बिनभाराचे १२ व्होल्ट छान दिसतात आणि दोन डिस्क एकदम फिरायला लागल्या की कोसळतात. नवा घेताना व्होल्ट आणि पिनची ध्रुवता तीच, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त.

काही पेट्यांचं दुखणं याहून खोल होतं. इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेत घड्याळाचा सिग्नल देणारं सर्किट कालांतराने क्षीण होत जाण्याचा दोष होता, तो २०१७ च्या सुरुवातीला उघड झाला. सिनॉलॉजीच्या डीएस४१५+, डीएस१५१५+, डीएस१८१५+ या पेट्यांत हीच चिप होती. चालू असेपर्यंत पेटी चालत राही. एकदा बंद झाली की निळा दिवा लुकलुकत बसे. बंद व्हायचं निमित्त बहुतेक वेळा अपडेटनंतरचा रीस्टार्ट, त्यामुळे चोर सोडून संन्याशाला फाशी, शिव्या फर्मवेअरला. कंपनीने वॉरंटी वाढवून दिली आणि हौशी मंडळींनी १०० ओहमचा एक रेझिस्टर डकवून अनेक बोर्ड जिवंत केले. काही पैशांचा तो तुकडा पाहिला की महागड्या यंत्राचा मृत्यू किती क्षुल्लक असू शकतो याचं हसूही येतं आणि रागही.

बोर्ड गेला म्हणजे डेटा गेला असं नाही. बहुतेक नॅस आतून लिनक्सच असतात. एमडी हे लिनक्सचं रेड, त्यावर कधी एलव्हीएम ही व्हॉल्यूम आखणारी व्यवस्था, त्यावर एक्स्ट४ ही फाइल प्रणाली. डिस्क एखाद्या लिनक्स संगणकाला जोडून ‘एमडीॲडम’ने संच उभा करायचा आणि फक्त वाचनासाठी माउंट करायचा. ज्या डिस्कचा १९७ वाढलेला आहे तिची आधी ‘डीडीरेस्क्यू’ने प्रत काढायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. एक फसवा अपवाद: वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हसारख्या पॉवरपीसी पेट्यांमध्ये फाइल प्रणालीचे ब्लॉक ६४ केबीचे असतात. साध्या संगणकाचा कर्नल ते माउंट करायला नकार देतो आणि ‘सुपरब्लॉक बिघडला’ छापाचा संदेश फेकतो. बिघडलेलं काहीच नसतं. कर्नलबाहेरून फाइल प्रणाली वाचणाऱ्या ‘फ्यूज२एफएस’सारख्या साधनाने त्या फाइली वाचता येतात. दुरुस्तीच्या नादात तिथे ‘एफएससीके’ ही फाइल प्रणाली दुरुस्त करणारी कमांड चालवणं हाच खरा धोका.

त्याच माय बुक लाइव्हला शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं, आणि जून २०२१ मध्ये इंटरनेटवरून पोचता येणाऱ्या अशा कितीतरी पेट्या कुणीतरी दुरूनच फॅक्टरी रीसेट करून टाकल्या. तेव्हा अपडेट नीट चढलं आणि ते त्या मॉडेलचं शेवटचं आहे असं कळलं, तर राउटरवर त्या पेटीची बाहेरची वाट बंद करावी, यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायच्या वाटा) काढून टाकावं, वेळेसाठी राउटरलाच एनटीपी सर्व्हर (वेळ सांगणारा) करावा. डेटाचं मूळ घर नव्या पेटीत हलवावं आणि जुनीला दुसऱ्या प्रतीचं काम द्यावं, तेही असं की जुनी पेटी नवीकडून फाइली ओढेल. नवीला जुनीत लिहायची परवानगी नको, म्हणजे खंडणीखोर सॉफ्टवेअर नवीत शिरलं तरी त्याला जुनीपर्यंत हात पोचवता येणार नाही. या कामासाठी नवीत जुनीसाठीचं एकच वेगळं खातं पुरे, त्याला फक्त वाचनाचा हक्क. आणि आठवड्यातून एकदा चालू करून बंद करायची असेल, तर आधी ती सीआर २०३२ बदलून घ्यावी.